टी-थ्रीचा रिपोर्ट आणि वन्संची गादी

प्रिय वन्सं,

तुमच्या भावाच्या रक्ताचा रिपोर्ट आला. लगेच शेवटचं पान उलटू नका. तुमची सवय मला ठाऊक आहे: कादंबरी हातात आली की आधी शेवट वाचायचा, कोण गेलं कोण उरलं ते बघून घ्यायचं, आणि मग पाय पसरून पहिल्या पानावर यायचं. म्हणून आकडा मी शेवटी लिहिलेलाच नाही. केकमध्ये बेदाणा असतो तसा तो मधे कुठेतरी पेरलाय. हवा असेल तर सगळा केक खावा लागेल. हल्ली तुम्ही केक खात नाही, तेही मला ठाऊक आहे. त्यावर येतेच आहे. तोवर रुमाल शोधू नका, एवढंच सांगते.

फोन न करता कागद का खराब केला, हा तुमचा पुढचा प्रश्न. फोनवर मी "हॅलो" म्हणते आणि तुम्ही "टी-थ्री किती?" म्हणता. माझं एक वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत तुमची तीन होऊन गेलेली असतात, आणि माझी पाळी आली की "बरं, ठेवते, दूध उतू जातंय." गेली पंचवीस वर्षं तुमच्या घरी दूध उतूच जातंय. कागदाचं बरं असतं, त्याच्या मधे तोंड घालता येत नाही. शिवाय जे सांगायचंय ते समोर बसून सांगितलं तर तुम्ही ऐकायच्या आधी भांडाल, आणि मलाही भांडणंच सोपं जाईल. लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात तुम्ही माझं नाव "सुरी" ठेवलंत; पाव कापायची, दातेरी. मी काय बोलले होते ते आता आठवत नाही, पण ते तुम्हाला लागलं होतं हे छान आठवतं. वर "प्रिय" लिहिलंय ते मात्र चुकून नाही. लिहून झाल्यावर थोडा वेळ त्याच्याकडे पाहत बसले, आणि राहू दिलं.

आधी बेकरीची खबर. तुमचे बंधुराज पुन्हा भट्टीपुढे उभे राहायला लागलेत. दिवसभर नाही, गोण्या उचलणं आणि पीठ मळणं कारागिरांकडेच आहे. पण पाव आत सरकवायचं ते लांब दांड्याचं लाकडी फावडं त्यांनी परत ताब्यात घेतलंय, आणि ते आता कुणाला हात लावू देत नाहीत. परवा सकाळी भट्टीचं दार उघडलं, आतला झोत तोंडावर आला, आणि यांनी अंगातला स्वेटर काढून खुंटीला टांगला. काही विशेष केलं अशी त्यांना जाणीवही नव्हती. मी काउंटरवरून पाहिलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला बिस्किटांऐवजी टोस्ट बांधून दिले. तो बिचारा दुसऱ्या दिवशी बदलायला आला तेव्हा म्हणाला, "काल तुम्ही एकट्याच हसत होता, म्हणून विचारलं नाही."

स्वेटर! तिथूनच तर सगळं सुरू झालं. दोन हिवाळ्यांपूर्वी या माणसाने भर भट्टीसमोर स्वेटर चढवला, तेव्हा मी आधी चेष्टाच केली. आयुष्यभर ज्याने थंडीतही बाह्या दुमडून काम केलं, तो निखाऱ्यांसमोर उभा राहून हात चोळत होता. मग चालणं मंद झालं, बोलणं मंद झालं, जिना चढताना अर्ध्यात टेकायला लागले, घोटे सुजायला लागले. जेवताना घास हातात धरून विचारात पडायचे. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाले, "काही नाही, घास जड वाटतो." आणि तुम्ही एका रविवारी आलात, बंधुराजांकडे वरून खाली एकदाच पाहिलंत आणि दाराशी चप्पल काढता काढता निकाल दिलात: "थायरॉईड!"

वन्सं, राग मानू नका, पण तुमच्या माहेरच्यांना थायरॉईडचा भारी अभिमान. दुसऱ्या घरांत सोन्याच्या बांगड्या आईकडून मुलीकडे जातात, तुमच्याकडे गळ्यातली ही ग्रंथी. सासूबाईंना होता, तुमच्या मावशीला होता, तुम्हाला आहे. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेताना तुमचा चेहरा असा असतो की बघणाऱ्याला वाटावं, या मुकुट घालतायत. त्यामुळे भावालाही तो निघाला याचा तुम्हाला थोडा आनंदच झाला, खोटं सांगू नका. रक्त तपासलं. टी-थ्री निघाला अठ्ठेचाळीस. ऐंशीच्या वर असायला हवा. रिपोर्टवर बाकीचेही आकडे होते, पण ते बरे होते, आणि बऱ्या आकड्यांकडे तुमच्या घरात कुणी पाहत नाही. चार दिवसांत तुमच्याकडून बिस्किटांच्या डब्यात कापूस घालून गोळ्या आल्या. सोबत चिठ्ठी: "मी एक घेते. तू पुरुषमाणूस, दोन घे."

आणि हे घेत बसले. कुणाला विचारलं नाही. मोठ्या बहिणीने पाठवलंय म्हणजे ते औषध नसतं, तो हुकूम असतो. पहिला आठवडा काही नाही. मग एकदम अंगात आलं. सगळी साच्याची भांडी खाली काढून घासली, दुकानाची पाटी पुसली, मला न विचारता माझं मसाल्यांचं फडताळ लावलं, त्यातलं अजून मला काही सापडत नाही. मी तुम्हाला फोन करून सांगितलंही, की वन्सं, तुमची गोळी लागू पडली. माझ्या तोंडून तुमची स्तुती निघाली होती, म्हणजे काहीतरी बिघडणार हे मला कळायला हवं होतं. पुढच्याच आठवड्यात पाव बाहेर काढता काढता हातातलं फावडं थरथरायला लागलं, छातीत घोडे उधळल्यासारखं धडधडू लागलं आणि हे पिठाच्या गोणीवर बसले ते उठेनात.

मग आपण तिघं त्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंसमोर बसलो होतो ते तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही खुर्चीवर आपली गोल गादी घालून बसला होता. जिन्यावरून घसरून माकडहाड दुखावलं तेव्हा मीच ती पिठाच्या गोणीच्या कापडाची शिवून दिली होती, वर गिरणीचा निळा कोंबडा छापलेली. "टाके लांब आहेत," असं म्हणून तुम्ही ती ठेवून घेतलीत आणि तेव्हापासून जाल तिथे बरोबर नेता. तर डॉक्टरीणबाईंनी तोच रिपोर्ट हातात घेतला, जो आपण सगळ्यांनी वाचला होता, आणि आपण न वाचलेले आकडे वाचले. मेंदूकडून ग्रंथीला जाणारी हाक व्यवस्थित. ग्रंथी जो टी-फोर बनवते तो व्यवस्थित. फक्त टी-थ्री खाली. "म्हणजे याची ग्रंथी बरी आहे," तुम्ही जरा खट्टू होऊन म्हणालात. मग बाईंनी यांना विचारलं, तुम्ही काम काय करता? बेकरी म्हटल्यावर त्यांचं काम सोपं झालं. म्हणाल्या, टी-फोर हे मळून ठेवलेलं पीठ समजा. ते शरीराला तसं कामाचं नाही, त्याचा पाव व्हावा लागतो. तो पाव म्हणजे टी-थ्री, आणि तो भाजण्याचं बरंचसं काम लिव्हरमध्ये चालतं. "तुमची भट्टी आजारी आहे, आणि तुम्ही रोज दोन गोळ्या घालून आणखी पीठ पाठवताय. कुणी सांगितलं होतं?" यांनी छताकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर. तुम्ही गादी नीट केलीत.

शिवाय त्यांनी आणखी एक सांगितलं, ते यांच्या मनात घर करून बसलं. मोठ्या, लांबच्या आजारात शरीर आपणहूनच टी-थ्री कमी करतं. अंगातली आग बारीक करून थोडक्यात भागवतं. त्याला उगाच ढोसायला जायचं नाही. लिव्हर सावरलं तर आकडा आपला आपण वर येतो, आणि लिव्हर खचत गेलं तर आणखी खाली जातो. परत येताना गाडीत हे म्हणाले, "भट्टी झाकली आहे म्हणायचं, विझलेली नाही." तुमच्या वडिलांची पद्धत तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. दिवसाचं काम संपलं की निखारे एका कोपऱ्यात ओढायचे, वरून राख लोटायची, दार लावून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी राख बाजूला केली की खाली लालबुंद. नवा कारागीर आला की हमखास चुकतो. वरची राख पाहतो, त्याला वाटतं विझली, आणि लाकडं कोंबून धूर करून ठेवतो. आपण तिघांनी मिळून नेमकं तेच केलं. तीन पिढ्यांची बेकरी आणि राखेखालचा विस्तव ओळखता आला नाही.

लिव्हर म्हटल्यावर लोकांची नाकं आधी पुढे येतात, वास घ्यायला. हा माणूस आयुष्यात दारूला शिवला तो केकात रम घालण्यापुरता, पण गल्लीने दोन दिवसांत ठरवून टाकलं. समोरची शिंपीणबाई हळू आवाजात म्हणाली, "सोडली का हो त्यांनी आता?" मी म्हटलं, "सोडायला आधी धरावी लागते, आणि बेकरीवाल्याला तेवढी उसंत नसते." तिला काही ते पटलं नाही. ती अजून माझ्याकडे दयेने पाहते आणि ब्लाउज वेळेवर देते, म्हणून मीही आग्रह धरला नाही.

खरं कारण तपासात निघालं तेव्हा तुम्ही शेजारीच होता. कावीळ करणाऱ्या विषाणूंच्या कुटुंबातला एक न बोलणारा भाऊ, सी नावाचा. तीस वर्षं भाडं न देता राहिलेला भाडेकरू. तो रक्तातून येतो, असं बाई म्हणाल्या. विचारलं, पूर्वी कधी रक्त चढवलं होतं? आणि वन्सं, तुम्ही हौसेने पुढे झुकलात. "दोन बाटल्या! मीच..." एवढं बोललात, आणि "मीच"वर थांबलात. बाई सांगत राहिल्या, की त्या काळी रक्तात हा विषाणू तपासण्याची सोय सगळीकडे नव्हती, अशी कितीतरी माणसं आहेत. तुम्ही पुढचं ऐकलंच नाही. मी तुमच्याकडे पाहत होते. पंचवीस वर्षांत मी तुम्हाला अनेकदा गप्प करायचा प्रयत्न केलाय, एकदाही जमलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही आपल्या आपण गप्प झालात, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

त्या दोन बाटल्यांची गोष्ट मी लग्नाच्या आधी ऐकली होती, मुलगी बघायला आलात तेव्हाच. विशीतले बंधुराज धुराडं साफ करायला बेकरीच्या छपरावर चढले आणि कौलांसकट खाली आले. पोटात रक्तस्राव, ताबडतोब ऑपरेशन, आणि हॉस्पिटलात त्यांच्या गटाचं रक्त नाही. वडील सुन्न बसलेले. तुम्ही पाव पोचवायची सायकल काढलीत, पुढे पावांची पाटी लागलेली तशीच, आणि शहराच्या त्या टोकाच्या रक्तपेढीवर गेलात. वाटेत एक चप्पल गळून पडली, थांबला नाहीत. तिथला कारकून म्हणाला, चहाची सुट्टी आहे, अर्ध्या तासाने या. तुम्ही त्याचा कप उचलून स्वतः पिऊन टाकलात आणि म्हणालात, "झाली तुमची सुट्टी. आता बाटल्या काढा." पावाच्या पाटीत दोन बाटल्या, भोवती गोणपाट, आणि एका पायात चप्पल. ही गोष्ट तुम्ही प्रत्येक जेवणावळीत सांगितलीत. मला ती तुमच्या थांबण्याच्या जागांसकट पाठ आहे. आधी तो कारकून नुसता जाडा होता. मग त्याला मिशा आल्या. आमची मुलगी शाळेत जायला लागली तोवर त्या कानापर्यंत पोचल्या होत्या. रस्ता आधी सरळ होता, गेल्या काही वर्षांत त्याला चांगलाच चढ आलाय. मी दर वेळी स्वयंपाकघरात जाऊन डोळे फिरवायचे, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं, म्हणून तुम्ही आवाज वाढवायचा.

त्या दिवसानंतर ती गोष्ट बंद झाली. आधी माझ्या लक्षात आलं नाही. नळ गळायचा थांबला की लगेच कुठे कळतं? मुलीच्या सासरची माणसं जेवायला आली होती, जावयाने गोष्ट अजून ऐकलेली नव्हती, आणि यांनी स्वतः हौसेने म्हटलं, "ताई, ती सायकलची गोष्ट सांग ना." तुम्ही म्हणालात, "सूपमध्ये मीठ कमी आहे," आणि उठून आत गेलात. मीठ बरोबर होतं, वन्सं. सूप मी केलं होतं.

पुढचं वर्ष कसं गेलं ते तुम्हाला नव्याने सांगायला नको. औषधाने विषाणू जाईल, असं बाई म्हणाल्या होत्या, आणि गेलाही. पण तो गेला तरी त्याने केलेली पडझड मागे होतीच. पोटात पाणी होत होतं, मधेच बोलता बोलता हे शब्द विसरत होते. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं: लिव्हर स्वतः उभं राहतंय का ते पाहू, नाही राहिलं तर नव्या लिव्हरसाठी नाव घालावं लागेल. घरातल्या कुणी तुकडा दिला तरी चालतो, देणाऱ्याचं पुन्हा भरून येतं. माझा रक्तगट जुळला नाही. मुलीला दिवस राहिलेले. आणि बंधुराजांनी तुमच्या-माझ्या समोर जाहीर केलं, की पाव कापावा तसं माझ्यासाठी कुणाला कापायचं नाही, हा विषय बंद. तुम्ही मान हलवलीत. मी त्या मान हलवण्यावर विश्वास ठेवला, हे माझं वय झाल्याचं लक्षण.

त्याच सुमाराला तुम्हाला बारीक व्हायचं वेड लागलं. बिनसाखरेचा चहा. आपल्या वडिलांच्या दुकानातला बन समोर ठेवला तर हाताने बशी मागे सरकवलीत. मला वाटलं, दुकानाचा अपमान करायचा हा नवीन मार्ग काढलात. पायात तुमच्या यजमानांचे, म्हणजे भावोजींचे, बूट घालून सकाळ-संध्याकाळ बागेला फेऱ्या. मी म्हटलंसुद्धा, "वन्सं, आता कुणाला दाखवायचंय?" तुम्ही नुसत्या हसलात. वन्सं आणि उत्तर नाही! तिथेच मला संशय यायला हवा होता. पण मी माझ्याच काळजीत होते. दर दोन महिन्यांनी रक्त द्यायचं, दर दोन महिन्यांनी तुमचा फोन, "टी-थ्री किती?" मी सांगून दमले, की बाई त्या एका आकड्यावर काही ठरवत नाहीत, त्यांचे दुसरे महत्त्वाचे आकडे आहेत. पण तुम्हाला ओळखीचा आकडा तोच. शाळेतल्या पोराच्या गणिताचे मार्क विचारावे तसं तुम्ही विचारायचा, आणि एकदोनाने वाढला की फोनवर तुमचा श्वास सुटलेला मला ऐकू यायचा.

तर आता बेदाणा. ब्याण्णव.

पुन्हा वाचा हवं तर. ब्याण्णव, एकही गोळी न घेता, आपला आपण. पोटातलं पाणी गेलंय, बाकीचे आकडेही त्याच वाटेने चाललेत, आणि डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून सांगितलं, की नव्या लिव्हरसाठी नाव घालायची आता गरज दिसत नाही. लिव्हरवरचे व्रण तसेच आहेत, दर सहा महिन्यांनी तपासायला जायचं, जपून राहायचं. आजार घरातून गेलेला नाही, नुसता शिस्तीत बसलाय. हे म्हणाले, "म्हणजे आता गोण्या उचलू?" त्या "नाही" म्हणाल्या. "फावडं?" "फावडं चालेल." झालं, यांना जगात आणखी काही नको होतं. औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहून शिट्टी वाजवायला लागले. तुमच्या भावाला शिट्टी येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. रांगेतल्या कुणीच तक्रार केली नाही.

आणि मी बाकावर बसले होते. मांडीवर माझी पिशवी, त्याच गोणीच्या कापडाची, निळ्या कोंबड्याची. समोरून एक नर्स गेली, थांबली, परत आली. म्हणाली, "हा कोंबडा! अहो, या कापडाची एक गोल गादी आमच्याकडे किती दिवस पडून आहे, तुमच्या ओळखीतल्या कुणाची आहे का?" मी तिच्यामागे गेले. वरच्या मजल्यावरची खोली. दारावर पाटी होती, लिव्हर देणाऱ्यांच्या तपासणीची. खुर्चीवर तुमची गादी. टाके लांब आहेत, हे पाहिल्याबरोबर ओळखलं. ती पोरगी कौतुकाने बोलून गेली, की त्या बाई काठावरच्या वयाच्या होत्या, लिव्हरवर चरबी होती, आम्ही म्हटलं वजन कमी करून या. आम्ही सगळ्यांनाच सांगतो, करून कुणी येत नाही, या बाई मात्र करून आल्या. मग जीभ चावून म्हणाली, मी हे सांगायला नको होतं. मी म्हटलं, काळजी करू नका, मला ऐकू कमी येतं. गादी पिशवीत घातली आणि खाली आले. यांना काही सांगितलेलं नाही. ते सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा; एकदा तरी ही सुरी खणात राहू दे.

भावोजींना मात्र मी फोन केला. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे माहीत असून तुम्ही त्यांना सामील करून घेतलंत! मी नुसतं "गादी" म्हटलं आणि ते सगळं बोलून मोकळे झाले. तारीख मिळाली असती तर तुम्ही आम्हाला परस्पर ऑपरेशनच्या टेबलावरूनच कळवणार होता म्हणे. आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, ती एकच धरून बसली आहे, की ते रक्त मीच आणलं.

म्हणून हे पत्र, वन्सं. आकडा फोनवरही सांगता आला असता. हो, ते रक्त तुम्हीच आणलंत. ते आणलं नसतं तर विषाणू नसता, आणि त्याच्यासोबत तुमचा भाऊही नसता. त्या दिवशीच कौलांखाली संपला असता, आणि मी कुठल्या तरी दुसऱ्या घरात, दुसऱ्याच कुठल्या नणंदेला बोल लावत बसले असते. माझी पंचवीस वर्षं, माझी मुलगी, येत्या महिन्यात होणारं तिचं बाळ, परवा खुंटीला टांगलेला तो स्वेटर, हे सगळं त्या पावाच्या पाटीतून आलंय, गोणपाटात गुंडाळून. बाटलीत आणखी काय होतं ते त्या दिवशी कुणालाच दिसत नव्हतं. तुम्हाला भाऊ दिसत होता, तुम्ही सायकल काढलीत. आता रविवारी या. गादी धुऊन उन्हात घातली आहे, टाके पुन्हा घातलेत, या खेपेला जवळ. बन करून ठेवते, तो खायचा. आता कुणासाठी बारीक व्हायचं कारण उरलेलं नाही. मुलगी आणि जावई येणार आहेत, आणि जावयाने ती गोष्ट अजून ऐकलेली नाही. मी स्वयंपाकघरात जाणार नाही, समोर बसून ऐकेन. रस्त्याला हवा तेवढा चढ आणा, त्या कारकुनाच्या मिशा हव्या तर जमिनीपर्यंत सोडा. फक्त "मीच"वर थांबू नका.

वाट पाहणारी, तुमचीच
सुरी